छोट्या गावात चेंबर संगीताचा महोत्सव : पहिल्यांदाच आयोजन करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पाश्चात्त्य अभिजात परंपरेतील चेंबर संगीत म्हणजे दोनपासून साधारण नऊपर्यंत वादकांनी, संचालकाशिवाय, प्रत्येक स्वरओळीला एकच वादक ठेवून केलेले वादन. ऑर्केस्ट्राचा मोठा ताफा, भव्य मंच आणि प्रचंड सभागृह यांची गरज नसल्यामुळे ते छोट्या गावाला परवडेल, असा विचार करून अनेक जण महोत्सवाच्या कामाला लागतात. हा विचार चुकीचा नाही, पण अपुरा आहे. हे संगीत दिवाणखान्यात, मोजक्या लोकांच्या सहवासात ऐकण्यासाठी घडले. वादकांची एकमेकांकडे वळणारी नजर दिसणे आणि गज तारेवर टेकण्याआधी त्यांनी घेतलेला श्वास ऐकू येणे हा त्या अनुभवाचाच भाग आहे. चेलो या खालच्या स्वराच्या मोठ्या तंतुवाद्याचे वादक पाब्लो कासाल्स यांनी १९५० साली फ्रान्समधील प्रादसारख्या छोट्या गावात महोत्सव भरवला, १९५१ साली अमेरिकेत मार्लबरो येथे एक महोत्सव सुरू झाला, १९७० साली चेलोवादक सेप्पो किमानेन यांनी फिनलंडमधील कुहमो हे दूरचे गाव निवडले आणि १९८१ साली व्हायोलिनवादक गिडॉन क्रेमर यांनी ऑस्ट्रियातील लॉकेनहाउस निवडले. यांपैकी कोणाचेही काम गावाच्या लहानपणामुळे अडले नाही.

अशा महोत्सवाच्या आयोजनातून मी गेलेलो आहे, आणि नव्या आयोजकाला माझे एकच आग्रहाचे सांगणे आहे. सर्वांत आधी शेवटच्या रांगेतला श्रोता आणि वाद्य यांच्यातले अंतर ठरवा, आणि बाकीचे सगळे निर्णय त्या अंतराला धरून घ्या. पहिल्या खेपेला तीन किंवा चार मैफिलींचा महोत्सव पुरेसा आहे. त्यासाठीही वर्ष-दीड वर्ष आधी काम सुरू करावे लागते.

१. कलाकारांआधी जागा निश्चित करा

प्रसिद्ध वादकाचा होकार आधी मिळवायचा आणि मग जागा शोधायची, हा क्रम घातक आहे. मोठ्या नावासाठी मोठे सभागृह घेण्याचा मोह होतो आणि तिथेच जवळीक संपते. दीडशे ते दोनशे खुर्च्या मावतील आणि शेवटची रांग मंचापासून पंधरा मीटरच्या आत राहील, अशी जागा पहिल्या महोत्सवासाठी उत्तम. लंडनमधील विगमोर हॉल १९०१ साली उघडले आणि चेंबर संगीताच्या जगात ते आजही मानाचे स्थान आहे, पण तिथेही आसने साडेपाचशेच्या आसपासच आहेत.

जागेचा निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, चेंबर संगीतासाठी साधारण दीड सेकंदाच्या आसपास असलेला चांगला. दगडी चर्चमध्ये तो तीन सेकंदांपेक्षा जास्त असू शकतो. संथ चाल (चाल म्हणजे रचनेचा एक स्वतंत्र भाग, मूव्हमेंट) तिथे अप्रतिम वाटते, पण वेगवान चालीतले स्वर एकमेकांत मिसळून चिखल होतो. उलट जाड पडदे आणि गालिचे असलेल्या बहुउद्देशीय सभागृहात आवाज जागच्या जागी मरतो आणि वादक नकळत जोर लावू लागतात. दुसरा दोष पडदे आणि गालिचे काढून पुष्कळसा दूर करता येतो. पहिल्यावर उपाय कठीण आहे, मात्र श्रोते भरल्यावर निनाद कमी होतो हे लक्षात ठेवावे. नुसती टाळी वाजवून जागेची परीक्षा करू नका. एक व्हायोलिनवादक आणि एक चेलोवादक सोबत न्या, त्यांना एक वेगवान आणि एक संथ तुकडा वाजवायला सांगा आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसून ऐका.

ही भेट मैफिलीच्याच वेळी आणि शक्यतो त्याच वारी घ्या. सकाळी निःशब्द वाटणाऱ्या इमारतीत संध्याकाळी शेजारच्या व्यायामशाळेचे ठोके ऐकू येतात. शीतपेयांच्या फ्रीजची घरघर, वातानुकूलनाचा झोत, पंख्याची करकर, घड्याळाचे टोले हे सारे क्वार्टेटच्या, म्हणजे चार वादकांच्या गटाच्या, एखाद्या अतिमंद स्वरावर नेमके उठून दिसते. यातले काय बंद करता येईल आणि ते करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे तिथेच लिहून घ्या. रूढ सभागृह नसेल तरी बिघडत नाही. जर्मनीतील हाइमबाख येथे पियानोवादक लार्स फोग्ट यांनी १९९८ साली सुरू केलेला महोत्सव विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका जलविद्युत केंद्रात भरतो.

२. पियानोची व्यवस्था

पियानो हा महोत्सवातला सर्वांत महागडा, सर्वांत जड आणि सर्वांत हळवा पाहुणा असतो. गावात कोणाकडे तरी जुना पियानो असतोच, आणि तो प्रेमाने देऊही केला जातो. तो स्वीकारण्यापूर्वी अनुभवी ट्यूनरकडून, म्हणजे पियानोचे स्वर जुळवणाऱ्या कारागिराकडून, तपासून घ्या आणि त्याने नको म्हटले तर नम्रपणे नकार द्या. उभा पियानो कितीही चांगला असला तरी ट्रायो (तिघांचे वादन) किंवा क्विंटेटसाठी (पाच जणांचे वादन) चालत नाही. त्याचा आवाज मागे जातो, आणि वादकाला सहवादकांकडे पाहता येत नाही. दोन ते सव्वादोन मीटर लांबीचा ग्रँड पियानो दीडशे-दोनशे श्रोत्यांच्या जागेला अगदी योग्य. पावणेतीन मीटरचा मोठा कॉन्सर्ट ग्रँड अशा खोलीत तंतुवाद्यांना झाकून टाकू शकतो.

पियानो भाड्याने घेताना वाहतूक, जिने, विमा, परत नेण्याचा दिवस आणि ट्यूनिंगची संख्या हे सगळे लेखी करारात असावे. वाद्य हलवल्यानंतर नव्या जागेच्या तापमानाला आणि आर्द्रतेला जुळवून घेण्यासाठी त्याला निदान एक-दोन दिवस मिळावेत. आर्द्रता साधारण ४० ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान आणि स्थिर असावी; आकड्यापेक्षाही अचानक होणारा बदल जास्त नुकसान करतो. ट्यूनिंग प्रत्येक मैफिलीच्या दिवशी करावे आणि त्या वेळी दोन तास सभागृहात पूर्ण शांतता ठेवावी. खुर्च्या मांडणारे स्वयंसेवक आणि ट्यूनर एकाच वेळी कामाला लावणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे.

पियानोचा आधारस्वर ‘ए’ ४४० हर्ट्झला लावायचा की ४४२ला, हे सर्व वादकांना आधी कळवा. तंतुवादक तारा जुळवून घेतील, पण क्लॅरिनेटसारख्या सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्याला फार थोडी मोकळीक असते.

३. वादकांचा संच जुळवा

इथे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे वर्षानुवर्षे एकत्र वाजवणारे क्वार्टेट किंवा ट्रायो बोलावणे. त्यांचा कार्यक्रम तयार असतो, तालमी कमी लागतात आणि दर्जाची खात्री असते. दुसरा म्हणजे सात-आठ स्वतंत्र वादकांना आठवडाभर एकत्र आणून त्यांचे वेगवेगळे गट बांधणे. महोत्सवाला स्वतःचा चेहरा येतो तो या दुसऱ्या मार्गाने, असे माझे स्पष्ट मत आहे. एकच चेलोवादक सोमवारी ब्राह्म्सच्या आणि बुधवारी मेसियाँच्या रचनेत ऐकला की गावातले लोक त्याला ओळखू लागतात. पहिल्या वर्षी एक मुरलेले क्वार्टेट आणि तीन-चार पाहुणे वादक असा मधला मार्ग सर्वांत सुरक्षित आहे.

संच ठरवताना रचना समोर ठेवून हिशेब करावा लागतो. समजा तुमच्याकडे दोन व्हायोलिन, दोन व्हिओला (व्हायोलिनपेक्षा थोडे मोठे, खालच्या स्वराचे तंतुवाद्य), दोन चेलो, एक क्लॅरिनेट आणि एक पियानो आहे. एवढ्या आठ जणांत ब्राह्म्सचे दोन्ही स्ट्रिंग सेक्स्टेट (सहा तंतुवादकांच्या रचना) होतात, दोन व्हिओला लागणारे मोत्सार्टचे स्ट्रिंग क्विंटेट होतात, दोन चेलो लागणारे शूबर्टचे १८२८ सालचे क्विंटेट होते, शुमानचे १८४२ सालचे पियानो क्विंटेट होते, मोत्सार्ट आणि ब्राह्म्स या दोघांचीही क्लॅरिनेट क्विंटेट होतात, आणि मेसियाँने युद्धकैद्यांच्या छावणीत पूर्ण केलेले व १९४१ साली तिथेच पहिल्यांदा वाजवलेले क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानोसाठीचे क्वार्टेटही होते. एका महोत्सवाला पुरून उरेल इतके हे साहित्य आहे. मात्र शूबर्टचे ‘ट्राउट’ क्विंटेट यात बसत नाही, कारण त्याला डबल बास हे सर्वांत मोठे, सर्वांत खालच्या स्वराचे तंतुवाद्य लागते. मेंडेल्सोनच्या ऑक्टेटला (आठ जणांच्या रचनेला) चार व्हायोलिन लागतात. आणि शूबर्टच्या ऑक्टेटसाठी डबल बासखेरीज हॉर्न आणि बासून या फुंकून वाजवायच्या वाद्यांचे वादक आणावे लागतात. एका लोकप्रिय रचनेच्या हट्टापायी तीन जादा वादक, त्यांचा प्रवास आणि मुक्काम असा खर्च वाढतो. म्हणून आधी संच, मग त्यात बसणाऱ्या रचना.

निमंत्रण पाठवताना तारखा, मैफिलींची संख्या, अपेक्षित रचना, मानधन, प्रवास, निवास आणि ध्वनिमुद्रण होणार असल्यास त्याचे हक्क या सर्वांचा स्पष्ट उल्लेख असावा. ‘कार्यक्रम नंतर कळवू’ असे लिहिलेले निमंत्रण चांगले वादक सहसा स्वीकारत नाहीत.

४. कार्यक्रम रचा

एका मैफिलीत मध्यंतर वगळून पंचाहत्तर ते ऐंशी मिनिटांचे संगीत असावे. शूबर्टचे स्ट्रिंग क्विंटेट एकटेच पन्नास मिनिटांच्या पुढे जाते, म्हणून त्याच्या जोडीला एखादी वीस-पंचवीस मिनिटांची रचना पुरते. दोन भव्य रचना एकाच संध्याकाळी ठेवल्या तर दुसरीच्या वाट्याला थकलेले कान येतात. पियानो असलेल्या आणि नसलेल्या रचनांचा क्रम असा लावावा की वाद्य एकदाच, आणि तेही मध्यंतरात, हलवावे लागेल.

सर्वपरिचित रचनांशेजारी एक अनोळखी रचना ठेवावी, आणि ती मध्यंतराआधी ठेवावी. श्रोत्यांना कमी लेखू नका. छोट्या जागेत नवीन संगीत जास्त सहज पोचते, कारण वादक ते कसे घडवत आहेत हे डोळ्यांना दिसते. या निमित्ताने एक आवडती गोष्ट सांगतो : द्वोर्झाकने आपले ‘अमेरिकन’ क्वार्टेट १८९३ साली आयोवा राज्यातील स्पिलव्हिल या चिमुकल्या गावात लिहिले, आणि ते पहिल्यांदा वाजवून पाहिले तेही तिथल्याच एका कुटुंबातील मंडळींसोबत. छोट्या गावातील महोत्सवाला याहून शोभणारी रचना मला तरी सुचत नाही.

५. तालमींना वेळ द्या

नवख्या आयोजकाची सर्वांत मोठी काटकसर इथे होते, आणि ती सर्वांत महाग पडते. स्वतंत्र वादकांचा गट पहिल्यांदाच एखादी मोठी रचना वाजवणार असेल, तर प्रत्येकी तीन तासांच्या निदान तीन तालमी आणि सभागृहात एक तालीम एवढे हवेच. मार्लबरोमध्ये ज्येष्ठ आणि तरुण वादक एकत्र बसून दीर्घकाळ तालीम करतात आणि जी रचना तयार होते तीच मैफिलीत येते. तुम्हाला एवढी चैन शक्य नसली, तरी त्यामागचे तत्त्व स्वीकारता येते.

एक मोठा तक्ता करा. आडव्या ओळीत दिवस आणि वेळ, उभ्या स्तंभात वादक. प्रत्येक तालीम त्यात भरली की कोणत्या वादकावर किती भार आहे ते लगेच दिसते. एका वादकाला दिवसात सहा तासांपेक्षा जास्त तालीम देऊ नका, आणि मैफिलीच्या दिवशी दुपारनंतर त्याला दुसऱ्या रचनेच्या तालमीला बसवू नका. ज्या वाद्याचा वादक एकच आहे त्याच्या बाबतीत विशेष जपावे लागते, कारण त्या वाद्याच्या प्रत्येक रचनेत तोच येतो. तालमीसाठी सभागृहाखेरीज निदान दोन खोल्या हव्यात आणि त्यांतल्या एकीत पियानो हवा. शाळेचे वर्ग किंवा वाचनालयाची बैठकीची खोली चालते, फक्त शेजाऱ्यांना आधी सांगावे.

६. स्वरलिपी, हक्क आणि कागदपत्रे

कोण कोणती आवृत्ती वापरणार हे दोन-तीन महिने आधी ठरवा. चार जण चार वेगळ्या आवृत्त्या घेऊन बसले की तालमीतली पहिली घटका मापांचे (स्वरलिपीतील तालखंडांचे) क्रमांक आणि खुणा जुळवण्यातच जाते. अलीकडच्या रचनांचे पार्ट, म्हणजे प्रत्येक वादकाच्या स्वरलिपीच्या वेगळ्या प्रती, अनेकदा विकत मिळत नाहीत, प्रकाशकाकडून भाड्याने घ्यावे लागतात, आणि ते वेळेवर येण्यासाठी मागणी फार आधी नोंदवावी लागते.

अनेक देशांत रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे स्वामित्वहक्क (कॉपीराइट) राहतात. त्या हिशेबाने १९४५ साली निवर्तलेल्या बार्टोकचे संगीत मोकळे झाले आहे. १९७५ साली निवर्तलेल्या शोस्ताकोविचचे नाही. काही देशांत ही मुदत वेगळी आहे, म्हणून आपल्या देशातील हक्क-संस्थेकडे संपूर्ण कार्यक्रमाची यादी पाठवून परवाना घ्यावा. रचना मोकळी असली तरी तिच्या नव्या संपादित आवृत्तीच्या छायाप्रती काढण्याची मुभा असतेच असे नाही.

महोत्सवाच्या फाइलमध्ये पुढील कागद एकत्र ठेवा :

- सभागृहाचा करार आणि वापराची परवानगी, त्यात आसनसंख्या आणि अग्निसुरक्षेच्या अटी
- पियानोचा भाडेकरार आणि ट्यूनरच्या वेळांची लेखी निश्चिती
- प्रत्येक वादकाचा सही केलेला करार, ध्वनिमुद्रणाच्या संमतीसह
- सादरीकरणाचा परवाना आणि भाड्याने घेतलेल्या स्वरलिपीच्या पावत्या
- कार्यक्रमाचा दायित्व विमा. वाद्यांचा विमा कोणाचा आणि कोणत्या वेळी लागू, याची नोंद
- परदेशी वादकांसाठी निमंत्रणपत्र, व्हिसा किंवा कामाचा परवाना आणि मानधनातून कापाव्या लागणाऱ्या कराची माहिती

परदेशातून येणाऱ्या वादकांना एक प्रश्न आवर्जून विचारा : वाद्यात किंवा गजात हस्तिदंत, कासवाचे कवच किंवा संरक्षित लाकूड आहे का? जुन्या गजांमध्ये असे भाग असतात, आणि वन्यजीव व्यापाराविषयीच्या साइटीस करारामुळे सीमेवर त्यांचे दाखले मागितले जाऊ शकतात. दाखला मिळायला वेळ लागतो, म्हणून हा प्रश्न पहिल्याच पत्रात असावा.

७. प्रवास आणि मुक्काम

चेलोसाठी विमानात सहसा स्वतंत्र आसन घ्यावे लागते. ते तिकीट वादकाच्या प्रवासखर्चात आधीच धरा आणि वाद्याचे आसन म्हणूनच नोंदवा, नाहीतर विमानतळावर वाद होतात. डबल बास शक्य तर जवळपासच्या वादकाकडून मिळवावा.

छोट्या गावात वादकांना घरोघरी उतरवण्याची पद्धत फार चांगली आहे. यजमान कुटुंबाची महोत्सवाशी गाठ बांधली जाते. पण यजमानांना आधीच स्पष्ट विचारावे : घरात रियाज केलेला चालेल का, पाहुण्याला बंद होणारी स्वतंत्र खोली मिळेल का, घरात प्राणी आहेत का? आणि वादकाला मैफिलीआधी एकांत हवा असतो, हे त्यांना समजावून सांगावे. आदरातिथ्याच्या भरात दुपारभर गप्पांत गुंतवलेला व्हायोलिनवादक संध्याकाळी थकलेला असतो.

८. पैशांचा हिशेब

दीडशे खुर्च्यांच्या तिकिटांतून महोत्सवाचा खर्च निघत नाही. तो निघेल असे गृहीत धरलेले अंदाजपत्रक पहिल्याच वर्षी कोसळते. निम्म्या ते दोन तृतीयांश जागा विकल्या जातील एवढेच धरा आणि उरलेली रक्कम देणगीदार, स्थानिक संस्था व अनुदान यांतून घोषणेपूर्वी निश्चित करा. कमी पडल्यास एक मैफल कमी करा, पण मानधन किंवा तालमीचे दिवस कापू नका. अंदाजपत्रकात एक दशांश रक्कम अनपेक्षित खर्चासाठी वेगळी ठेवावी.

९. मंच आणि मैफिलीचा दिवस

वादकांच्या खुर्च्यांना हात आणि चाके नसावीत, बैठक सपाट आणि घट्ट असावी. चेलो ज्यावर जमिनीवर टेकतो त्या तळाच्या अणकुचीदार टोकासाठी लाकडी जमीन उत्तम. दगडी किंवा गुळगुळीत फरशीवर ते घसरू नये म्हणून पट्टा किंवा फळी ठेवावी. स्टँड जड, न डगमगणारे असावेत. प्रकाश स्वरलिपीवर वरून पडावा, वादकांच्या डोळ्यांत जाऊ नये. सभागृहातील तालमीत प्रत्येकाला बसवून हे पाहून घ्या. मंच तीस-चाळीस सेंटिमीटर उंच असला की पुरतो.

पियानोवादकासाठी पाने उलटणारा माणूस लागतो. त्याला स्वरलिपी चांगली वाचता आली पाहिजे, आणि तो तालमीलाही हजर असला पाहिजे. पुष्कळ वादक आता टॅबलेट आणि पायाचे पेडल वापरतात. तरीही मंचामागे कागदी प्रत ठेवावी. तुटलेली तार बदलण्यासाठी मंचामागे प्रकाश असलेले टेबल आणि पाणी, एवढी सोय विसरू नका.

उशिरा येणाऱ्यांना रचना संपल्यावरच आत सोडावे, आणि हा नियम तिकिटावर छापावा. दारावरच्या स्वयंसेवकाला कार्यक्रमाची प्रत द्या, म्हणजे एक चाल संपली की रचना संपली असा त्याचा समज होणार नाही.

१०. नव्या श्रोत्यांचे स्वागत

गावातले पुष्कळ लोक असे संगीत पहिल्यांदा ऐकत असतील. छापील टिपणात प्रत्येक रचनेच्या चाली क्रमाने द्या, साधारण किती मिनिटे लागतील ते लिहा आणि काय ऐकावे याच्या दोन-तीन ओळी पुरे करा. चालींच्या मध्ये कोणी टाळी वाजवली तर त्यांना दटावू नका. शेजारच्या जाणकाराची तिरकी नजर नव्या श्रोत्याला कायमची दूर करते. एक तालीम सर्वांना, विशेषतः शाळकरी मुलांना, खुली ठेवा. वादक एकाच चार मात्रांवर कसे वाद घालतात आणि मग एकमत कसे होते, हे ज्यांनी पाहिले ते संध्याकाळी हमखास येतात.

११. संपल्यानंतरचा आठवडा

मानधन ठरल्या दिवशी द्या. भाड्याची स्वरलिपी परत करण्यापूर्वी पेन्सिलच्या खुणा पुसाव्या लागतात. त्यासाठी एक दुपार राखून ठेवा. वाजवलेल्या रचनांची अंतिम यादी हक्क-संस्थेला पाठवा, कारण आयत्या वेळी वाजवलेली जादा रचनाही त्यात येते. जागेतले दोष, तालमींच्या वेळा, कोणत्या रांगेतून कमी ऐकू आले, हे सर्व आठवत असतानाच स्वयंसेवकांना एकत्र बसवून लिहून काढा. त्याच बैठकीत पुढच्या वर्षीच्या तारखा ठरवून सभागृह आणि ट्यूनर या दोघांनाही कळवा, कारण चांगल्या ट्यूनरच्या तारखा चांगल्या वादकांइतक्याच लवकर भरतात.